चिंचेनं घासलेली बाटली

शनिवार, ११ ऑक्टोबर २०१४

आणली! फ्राऊ मोर्लोक शेवटपर्यंत कुरकुरत होत्या. संग्रहालयाची वस्तू बाहेर जात नाही, समितीला विचारावं लागेल, आल्झो, खरं म्हणजे... मी म्हटलं, थोडे दिवस द्या. घरी उजेड छान येतो, फोटो काढते, जाडी मोजते, आणून देते. शेवटी त्यांनीच फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून दिली. हिंटरश्टोलन गावापासून बॉबलिंगेनपर्यंत बसमध्ये, मग ट्रेनमध्ये, मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईला वाटलं आत मांजर आहे.

बाटली म्हणजे खाणीत पाणी न्यायची तांब्याची चपटी बाटली. पोचे पडलेली, काळीकुट्ट. त्या काळ्यावर टोकदार कशानं तरी ओरखडलेली वाकडी अक्षरं — ‘लेना, भिऊ नकोस.’ बस, एवढंच. १९४०च्या जानेवारीत खाणीचं छत बसलं, तिघं आत अडकले. काढले तेव्हा तिघंही गेलेले. त्यातल्या एकाची ही बाटली. लेना त्याची बायको. त्यांचा मुलगा आज चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे, हेर रेंटश्लर. दरवर्षी चार डिसेंबरला, म्हणजे खाणकामगारांच्या संत बार्बराच्या दिवशी, ते येतात, बाटली हातात घेतात, अक्षरांवरून अंगठा फिरवतात आणि परत ठेवतात. बोलत काही नाहीत. सगळं गाव उभं राहून बघतं म्हणे.

आणि गाव तरी केवढं! एक चर्च, एक बेकरी, जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत संग्रहालय. या लोकांनी चारशे वर्षं तांब्यासाठी डोंगर पोखरला आणि बहुतेक वेळा उंदीरच निघाला. खाण बंद पडायची, मग कुणी तरी नवा सरदार, नवी कंपनी यायची — आहे, आहे, अजून खाली आहे! परत सुरू. शेवटची सुरू केली ती युद्धासाठी, घाईघाईत, जुन्या लोकांनी सोडून दिलेल्या पोकळ्या न मोजता. त्या घाईचे हे तिघं बळी. माझ्या डार्मश्टाटच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण हेच. बाटलीशिवाय ते प्रकरण म्हणजे नुसते आकडे.

रविवार, १२ ऑक्टोबर

फोटो झाले. शंभरावर काढले. किचनच्या खिडकीपाशीच सगळ्यात चांगला उजेड येतो.

आईंची दिवाळीची साफसफाई सुरू झाली आहे. सासूबाई सप्टेंबरात मिरजेहून आल्या, तेव्हापासून आमचं घर पहिल्यांदा घरासारखं दिसतंय, हे कबूल करायला हवं. आज हृषी आपल्या आईला झिंडलफिंगनच्या आशियाई दुकानात घेऊन गेला. चिंच मिळाली! असा चेहरा झाला होता, सोनं मिळालं जणू. “बघ गं ऊर्मिला, थायलंडची आहे, पण आंबट आहे हो!”

“हे काळं काय आहे खिडकीत?” असंही विचारलं. मी लॅपटॉपवर होते. म्हटलं, कामाचं आहे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

मेले मी.

बुधवार, १५ ऑक्टोबर

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते.

काल डार्मश्टाटहून आले. दारातच आई. कपाळाला घाम, हात लाल. “डोळे मिट!” मी मूर्खासारखे मिटले. किचनमध्ये नेलं. ओट्यावर ताम्हण, पळी-पंचपात्र, त्यांचा मिरजेहून आणलेला तांब्या — आणि मधोमध बाटली. लखलखीत! नव्या नाण्यासारखी. चिंच, मीठ आणि तारेची घासणी. अक्षरं तांब्यात नव्हतीच, वरच्या काळ्या थरात होती. थर गेला, अक्षरं गेली.

“दोन तास लागले बाई! किती वर्षांचं कीट होतं कोण जाणे. म्हटलं, दिवाळीच्या तोंडावर घरात काळं भांडं नको.”

मी काय बोलले ते लिहायचं नव्हतं, पण लिहिते. तुम्हाला हात लावायला कुणी सांगितलं होतं, म्हणाले. अक्कल नाही का, म्हणाले. आणि मग — अडाणी. अडाणी म्हणाले! आई संस्कृत घेऊन बी.ए. आहेत. त्यांच्या हातातली घासणी तशीच राहिली. त्यांनी फक्त विचारलं, “अगं, कुणाचं होतं ते?” मी सांगितलंच नाही. खोलीत जाऊन दार आपटलं.

हृषी रात्री म्हणतो, “हाफ्टफ्लिश्ट विमा आहे ना आपला, नुकसानभरपाईचा.” या माणसाच्या बायकोनं उद्या देव फोडला तरी हा विम्याचा कागद शोधेल. मग म्हणाला, “सांगून टाक त्यांना. अपघात आहे.”

अपघात! काळं भांडं दिसलं की आपल्याकडची बाई चिंच घेणारच. हे मला ठाऊक नव्हतं? माझ्या आईनं हेच केलं असतं, आजीनं हेच केलं असतं. एक वाक्य पुरलं असतं — आई, हे मेलेल्या माणसाचं शेवटचं अक्षर आहे, हात लावू नका. त्यांनी नमस्कार केला असता त्या बाटलीला. पण मला वाटलं, यांना काय सांगायचं! ‘कामाचं आहे.’ झालं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

फ्राऊ मोर्लोकना मेल केली. मोजमापं थोडी लांबली आहेत, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आणून देते. उत्तर अर्ध्या तासात — सावकाश होऊ द्या, तुमच्या हातात बाटली सुरक्षित आहे याची खात्री आहे.

सुरक्षित!

गुरुवार, २३ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

आईंनी ताम्हण बाहेर काढलंच नाही. स्टीलच्या ताटलीत पूजा मांडली. हृषी म्हणाला, “आई, तांब्याचं घासून ठेवलंय ना?” त्या म्हणाल्या, “राहू दे. इथं चालतंय का नाही कुणास ठाऊक.”

मला आता अगं-तुगं नाही. “तुमचं जेवण झाकून ठेवलंय.” “तुमचा फोन वाजतोय.” शिव्या परवडल्या.

चकल्या मात्र माझ्या आवडीच्या, तिळाच्या. एकच खाल्ली.

बुधवार, २९ ऑक्टोबर

डोक्यात एक घाण विचार आलाय.

तांबं काळं करता येतं. मी धातूंचीच इंजिनिअर आहे, मला नाही येणार तर कुणाला? फोटो आहेत. प्रत्येक ओरखड्याचा कोन, लांबी, सगळं आहे. काळा थर परत चढवायचा, त्यावर अक्षरं परत काढायची.

नाही. शी!

शनिवार, १ नोव्हेंबर

चार अंडी उकडली, कुस्करली, झाकणाच्या डब्यात घातली, मधे वाटीवर बाटली ठेवली. अंड्यातल्या गंधकानं तांबं काळं पडतं, अगदी शाळेतली युक्ती आहे. डबा बाल्कनीत ठेवला. लॅबमधलं रसायन वापरलं तर तिथे कुणी तरी विचारेल, म्हणून हे घरगुती.

आणि आमच्याकडे आई आहेत! ज्यांनी जन्मात अंड्याला हात लावला नाही. सुट्टीचा दिवस, सगळं बंद, खिडकी उघडली की वास आत. दुपारी बाल्कनीचं दार लावत म्हणाल्या, “अंड्याचं पातेलं वेगळं ठेवलंय ना?” मी म्हटलं, हो. त्यांनी डब्याकडे पाहिलं. डबा पारदर्शक आहे. 

बुधवार, ५ नोव्हेंबर

आधी जांभळी-निळी झाली, मोरपिसासारखी. मग तपकिरी. आज काळी. चांगली जमली! — असं मनात आलं आणि स्वतःचीच किळस आली.

रविवार, ९ नोव्हेंबर

बाऊमार्क्टमधून, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून, तांब्याचा पत्रा आणून त्यावर सराव केला होता. आज खऱ्यावर. हृषी आईंना तळ्याकाठी फिरायला घेऊन गेला होता. समोर फोटो, हातात खिळा. तिथे अंधारात मरणाऱ्या माणसानं बायकोला लिहिलं, आणि मी इथे हीटर लावून, चहा पीत, त्याचं वाकडं अक्षर गिरवतेय!   हात सराईत चोरासारखा चालला. याचीच लाज जास्त वाटते.

ओरखडे फार चकचकीत दिसत होते, म्हणून ते पुन्हा अंड्याच्या डब्यात मुरवायला ठेवले.

हृषीनं परत आल्यावर पाहिलं. “अरे वा, सेमच!” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “ऊर्मी, हे बरोबर नाही गं.” त्यालाही कळतंय म्हणजे झालंच.

सोमवार, १७ नोव्हेंबर

परत दिली.

फ्राऊ मोर्लोकनी कापड उघडलं.  त्यांनी बाटली खिडकीपाशी नेली, फिरवली, “गेनाऊ, हीच ती!” म्हणाल्या आणि कपाटात ठेवून किल्ली लावली. तीस वर्षं रोज बघताहेत. नाही कळलं.

मग मला घरी केलेल्या आलुबुखारच्या मुरंब्याची बरणी दिली. आणि म्हणाल्या, चार तारखेच्या कार्यक्रमात तुम्हीच बोला. खाणीचा इतिहास. परदेशातून कुणी येऊन आमच्या मेलेल्यांवर चार वर्षं काम करतं, याचं लोकांना फार वाटतं हो.

बसमध्ये मुरंबा बॅगेच्या तळाशी ढकलला.

रविवार, २३ नोव्हेंबर

भाषण लिहिते आणि खोडते. चांदीच्या आशेनं खोदलं, तांबं लागलं. पाणी भरलं, चाकं बसवली. बायका खनिज फोडून निवडायच्या, त्यांची फुप्फुसं आधी जायची. सगळं येतं लिहिता. १९४०शी आलं की थांबते. ‘ही बाटली साक्ष आहे...’ असं कुठल्या तोंडानं म्हणू?

मंगळवार, २ डिसेंबर

आई म्हणाल्या, “मी येणार परवा.”

इतक्या दिवसांत पहिलं वाक्य असं थेट. मी म्हटलं, आई, थंडी आहे, तीन गाड्या बदलायच्या, सगळं जर्मनमध्ये. तुमचं विमान रविवारी आहे, बॅगा भरायच्यात.

“बॅगा भरून झाल्या.”

गुरुवार, ४ डिसेंबर

हात थंड आहेत अजून. क्रमानं लिहिते, नाही तर सुटेल.

जुनी शाळा गच्च भरलेली. म्हातारे काळ्या कोटात, पितळी बटणं. जो तो भेटला की ‘ग्ल्यूक आउफ’ — खाणवाल्यांचा नमस्कार, सुखरूप वर या. आई काठापदराची साडी, वर हृषीचं जॅकेट, पायात माझे बूट. एका आजींनी त्यांना चेरीची फांदी दिली. आज पाण्यात ठेवली की नाताळात फुलते म्हणे. आईंनी ती देवाच्या फुलासारखी दोन्ही हातांनी घेतली.

मी बोलले. काय बोलले ते मला आठवत नाही. टाळ्या पडल्या.

मग हेर रेंटश्लर उठले. फ्राऊ मोर्लोकनी कपाट उघडलं. त्यांनी बाटली घेतली, अंगठा फिरवला. थांबले. परत फिरवला. मी जमिनीकडे बघत होते. मग नुसतं “या”, म्हणजे हो, म्हणाले, आणि बाटली जागेवर ठेवली.

कॉफी-केक सुरू झाला. मला वाटलं, संपलं, सुटले! वळून बघते तर आई त्यांच्यासमोर उभ्या. हात जोडलेले, डोळ्यांतून पाणी. मी धावले.

“ऊर्मिला, यांना सांग,” आई म्हणाल्या. “भाऊ, तुमच्या वडिलांचं अक्षर माझ्या हातनं पुसलं गेलं. मला माहीत नव्हतं. आत्ता आहे ते हिनं भीतीपोटी काढलंय. ही वाईट नाही. दोष माझा आहे, मला क्षमा करा. सांग. सगळं सांग.”

म्हणजे यांना सगळं माहीत होतं. अक्षरांचं हृषीनंच सांगितलं असणार. बाकीचं त्यांनी डब्यात पाहिलं.

हेर रेंटश्लर माझ्याकडे वळले. काय म्हणताहेत त्या?

आणि मी — मी म्हटलं, “त्या म्हणतात, बाटली फार सुंदर आहे. झेअर श्योन.”

त्यांनी आईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आईंचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले, थोपटले आणि कोट घालून निघून गेले.

गाडीत आईंनी विचारलं, “सांगितलंस ना नीट?” हो. “काय म्हणाले?” म्हणाले, काही हरकत नाही.

एक सासू माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घ्यायला परक्या देशात परक्या माणसापुढे उभी राहते, आणि मी तिची जीभच कापून ठेवते. मला आता कुणी अडाणी म्हणावं.

रविवार, ७ डिसेंबर

श्टुटगार्टच्या विमानतळावर सोडून आलो. हृषी गाडी लावायला गेला होता. सिक्युरिटीच्या रांगेपाशी आईंनी माझ्या गालावर हात ठेवला. “अगं” म्हणाल्या — अगं! — “अगं ऊर्मिला, खालची बेकरीवाली रोज ‘श्योन’ म्हणते. तीन महिन्यांत तेवढं कळतं मला. मी बोलले एवढं लांब आणि तू म्हणालीस एवढंसं.”

मी तिथेच रडायला लागले. लोक बघत होते.

“रडू नको. मला तेव्हाच तुला टोकता आलं असतं, पण चारचौघांत तुझं तोंड उघडं पाडायला आले नव्हते मी. पण त्या माणसाला खरं सांग. बाप गेलाय त्याचा. खोट्या अक्षराला किती वर्षं हात लावायला लावशील?”

आणि मग, “चकल्या डब्यात आहेत. मऊ पडायच्या आत संपवा.”

मंगळवार, ९ डिसेंबर

हेर रेंटश्लरना फोन केला. शनिवारी या म्हणाले. का, ते विचारलं नाही.

प्रबंध गेला तर गेला. गाइडना काय सांगायचं ते नंतर बघू. पण फ्राऊ मोर्लोकचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. त्यांचा मुरंबा अजून उघडलेला नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

सांगितलं. चिंच, अंडी, खिळा, खोटं भाषांतर, सगळं. त्यांच्या किचनमध्ये, मान खाली घालून.

ते कपात चमचा फिरवत होते. म्हणाले, बार्बराच्या दिवशीच कळलं. अक्षर माझं नव्हतं.

माझं?

बाटली वर आली तेव्हा तिच्यावर काहीच नव्हतं, म्हणाले. माझी आई खाणीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची, जेवायची नाही. मी दहा वर्षांचा होतो. गोठ्यात बसून खिळ्यानं लिहिलं आणि तिच्यापुढे नेऊन ठेवलं. चौऱ्याहत्तर वर्षं कुणाला बोललो नाही. दरवर्षी हात लावतो तो वडिलांसाठी नाही, तिला फसवल्याबद्दल. तुमच्या सासूबाई माझ्यापुढे रडल्या. श्योन म्हणताना असं कुणी रडत नाही. त्यांना हे सांगा. फक्त त्यांना. आणि या वेळी शब्दन् शब्द.

घरी येऊन मिरजेला फोन लावला. शब्दन् शब्द सांगितलं. 

आई म्हणाल्या, “जेवली का गं मग त्याची आई?”

जेवली, म्हटलं. निघताना मीही त्यांना तेच विचारलं होतं. बटाट्याचं सूप. दुसऱ्यांदा मागून घेतलं.